नदीत वाहून जाणारं खत

मुळा-मुठेवर दर वर्षी थंडी सरत आली की जलपर्णीचा हिरवा थर चढू लागतो. महापालिका यंत्रं लावते, कंत्राटं निघतात, ट्रक भरभरून जलपर्णी काढली जाते आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा हजर असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडीच्या बाजूला नदीवर डासांचे उंच लोट उठले, त्यांचे व्हिडिओ देशभर फिरले. पुणेकर संतापले आणि तो संताप रास्तच होता. पण जलपर्णी काढा, औषध फवारा, एवढंच आपण मागतो. ती इतकी माजते कशावर, हे विचारत नाही.

ती माजते खतावर. शेतकरी पोत्याने विकत आणतो तेच नत्र (नायट्रोजन), तेच स्फुरद (फॉस्फरस). नदीत ते ओतायला मुद्दाम कोणी जात नाही. आपल्या संडासांतून, मोऱ्यांतून, गोठ्यांतून, डुकरांच्या शेडमधून ते रोज आपसूक तिथे पोचतं.

हिशेब करून पाहा. आपल्याकडचा आहार घेणाऱ्या माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण ४०० ग्रॅम स्फुरद बाहेर पडतं. २०११ च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. म्हणजे एका वर्षाचं झालं सुमारे १,२४० टन. डीएपी या खताच्या पोत्यावर ४६ टक्के स्फुरद लिहिलेलं असतं ते ऑक्साइडच्या रूपातलं. पन्नास किलोच्या पोत्यात निव्वळ स्फुरद दहा किलोच भरतं. त्या मापाने ही सव्वा लाख पोती होतात, आणि शहर तेव्हापासून बरंच वाढलं आहे. दुसरीकडे आपल्या देशाला स्फुरदाची खतं किंवा त्यांचा कच्चा माल मोरोक्को, जॉर्डन, सौदी अरेबिया अशा देशांतून जहाजाने आणावा लागतो आणि त्यावर सरकारला अनुदानाचा मोठा भार उचलावा लागतो.

शहरातून सुटलेलं हे खत पुण्याच्या हद्दीत थांबत नाही. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात येते. उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं, त्यावर हजारो एकर ऊस उभा आहे, भिगवणला त्याच फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात. उन्हाळ्यात उजनीचं पाणी जागोजागी हिरवं होतं. शेवाळ कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो. त्या जलाशयात मासेमारीवर जगणाऱ्यांच्या जाळ्यात आता मुख्यत्वे चिलापीच येते. वरच्या गावाने जे सोडलं ते खालच्या गावाने सोसायचं, असा हा व्यवहार चालू आहे आणि वरचं गाव आपण आहोत.

मग शुद्धीकरण केंद्रं कशाला, असं कोणीही विचारेल. २०१६ साली जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या अर्थसाहाय्याने पुण्यात अकरा नवी केंद्रं, एकूण दिवसाला ३९.६ कोटी लिटर क्षमतेची, उभारायचा करार झाला. ती पूर्ण क्षमतेने चालायलाच हवीत, त्याबद्दल दुमत नाही. पण मैलापाण्याच्या केंद्रांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली जी मानकं काढली त्यांत बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप), तरंगते घनपदार्थ, सामू (पीएच) आणि विष्ठेतले जीवाणू एवढ्यांच्याच मर्यादा आहेत. नत्र आणि स्फुरद त्यांत नाहीत. २०१९ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने याहून कडक मानकांची बाजू घेतली. डोळ्यांना नितळ दिसणारं, वास न येणारं, कागदोपत्री उत्तीर्ण झालेलं पाणीसुद्धा शेवाळाला पुरेसं खाद्य देऊ शकतं. थोडं स्फुरदही शेवाळाला पुरतं. लिटरमागे मिलिग्रॅमचा अंशसुद्धा तळं हिरवं करायला बस होतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की खत पातळ व्हायच्या आधी अडवा. नदीत पोचल्यावर ते काढणं अशक्यप्राय, गटारात मिसळल्यावर महाग, आणि जिथे ते घट्ट आहे तिथे अगदी हाताशी येण्यासारखं. डुकरांच्या शेडमधलं धुणं, बायोगॅसच्या टाकीतून निघणारं पाणी, शुद्धीकरण केंद्रात गाळ पचवल्यावर पिळून निघणारं पाणी, आणि मुताऱ्या. या चार जागांवर लक्ष ठेवलं तरी बराच पल्ला गाठता येईल.

अडवायचं कसं? इथे निसर्गाचीच एक रीत कामाला येते. मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट हे तिघं पाण्यात एकत्र आले आणि पाण्याचा सामू साडेआठ-नऊच्या आसपास गेला, की त्यांचा मिळून पांढरा खडा धरू लागतो. खडीसाखरेच्या पाकात दोऱ्याभोवती खडे धरतात तसाच. या खनिजाला स्ट्रुव्हाइट म्हणतात. त्यात साधारण १२.६ टक्के स्फुरद, ५.७ टक्के नत्र आणि जवळजवळ १० टक्के मॅग्नेशियम असतं. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होऊन जे मुतखडे होतात त्यांतले पुष्कळ याच खनिजाचे असतात. १८४५ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात जुन्या मैल्याच्या थरात ते पहिल्यांदा ओळखलं गेलं. त्याच हॅम्बुर्गमध्ये १६६९ साली हेनिग ब्रांड नावाच्या किमयागाराने लघवी आटवून आटवून मूलद्रव्य फॉस्फरस मिळवला होता.

जगभरच्या मोठ्या केंद्रांना हा खडा आधी शत्रू म्हणून भेटला. गाळ पचवणाऱ्या टाक्यांनंतरच्या नळांत तो दगडासारखा बसतो, पंप अडकतात, नळ कापून काढावे लागतात. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की नळात नको तेव्हा धरतो, तर वेगळ्या टाकीत हवा तेव्हा धरायला लावू. कॅनडातल्या एडमंटनमध्ये २००७ साली असा प्रकल्प सुरू झाला, शिकागोच्या प्रचंड स्टिकनी केंद्रात २०१६ साली. ॲमस्टरडॅममध्ये आणि जपानच्या शिमाने प्रांतातही ते होतं. तयार दाणे खत म्हणून विकले जातात. आपल्याला अधिक जवळचं उदाहरण नेपाळचं आहे: काठमांडूजवळच्या सिद्धिपूर गावात लघवी गोळा करून, हाताने ढवळायच्या साध्या टाकीत मॅग्नेशियमचा क्षार घालून, कापडी पिशवीतून गाळून हे खत करून पाहिलं गेलं. खत उत्तम झालं. अडचण आली ती मॅग्नेशियमच्या आणि लघवी गोळा करण्याच्या खर्चाची. म्हणून आधीच गोळा होऊन येणारं घट्ट पाणी जिथे आहे तिथून सुरुवात करणं शहाणपणाचं.

असं पाणी सर्वांत सहज मिळतं ते डुकरांच्या शेडमध्ये. मका आणि इतर धान्यांतलं बरंच स्फुरद ज्या रूपात असतं ते डुकराला पचत नाही, कारण ते फोडणारं फायटेज हे विकर त्याच्या पोटात पुरेसं नसतं. ते तसंच बाहेर पडतं. म्हणून वराहपालकांना पहिला सल्ला शेडच्या आतला आहे: खाद्यात फायटेज घाला, पशुवैद्यकाला विचारून प्रमाण ठरवा. जे बाहेर पडणारच नाही ते अडवायचीही गरज नाही. दुसरं, पाइप लावून शेड धुण्याआधी फावड्याने घन मैला उचला. पाणी जितकं कमी तितकं खत घट्ट आणि पुढचं काम सोपं.

पुण्याभोवतालच्या तालुक्यांत वराहपालन सुरू करण्याचा विचार करणारे तरुण आता भेटतात. राष्ट्रीय पशुधन अभियानातून २०२१ पासून या धंद्याला भांडवली खर्चाच्या निम्मं, जास्तीत जास्त ३० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं. शहरात वडार, कैकाडी कुटुंबांनी हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या केला आणि त्याबद्दल त्यांच्या वाट्याला हेटाळणीच आली. डुकरं पकडायच्या मोहिमा निघाल्या, पण मैल्याचं काय करायचं हे त्यांना कोणी बसून समजावलं नाही. याची मला मनापासून खंत वाटते, कारण गाई-म्हशींच्या शेणावर जेवढं मार्गदर्शन झालं त्याच्या दहाव्या हिश्श्याने तरी इथे व्हायला हवं होतं.

ज्याच्याकडे वीस-पंचवीस डुकरं आहेत त्याला करता येण्यासारखं असं आहे. घन भाग वेगळा करून त्याचं कंपोस्ट करायचं. पातळ भाग आधी बायोगॅसमध्ये घालायचा. टाकीत कुजताना सेंद्रिय रूपातलं नत्र-स्फुरद मोकळं होतं आणि खडा धरायला तेच लागतं. टाकीतून निघालेलं पाणी निवळू द्यायचं आणि वरचं पाणी हजार लिटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीत घ्यायचं. त्याचा एक नमुना प्रयोगशाळेत देऊन फॉस्फेट किती आहे ते काढून घ्यायचं. समजा लिटरला १०० मिलिग्रॅम स्फुरद निघालं, तर हजार लिटरमध्ये ते १०० ग्रॅम झालं. त्याला मॅग्नेशियम सल्फेट लागतं सुमारे ८०० ग्रॅम, थोडं वरचढ धरून साडेनऊशे. हे काही अपरिचित रसायन नव्हे. द्राक्षाला, उसाला पान पिवळं पडलं की आपले शेतकरी कृषी सेवा केंद्रातून हेच आणतात. हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: जेवढं मॅग्नेशियम सल्फेट कामी येतं, जवळजवळ तेवढ्याच वजनाचा खडा मिळतो.

सामू चढवायला कॉस्टिक ओतायची घाई करू नका. छोट्या पंपाने पाण्यात हवा सोडली की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सामू आपोआप वर येतो. तासभर हवा आणि ढवळणं, मग निवळू देणं, तळाचा पांढुरका गाळ जाड कापडातून गाळणं आणि सावलीत वाळवणं. कडक उन्हाच्या पत्र्यावर किंवा भट्टीत वाळवलं तर पन्नास-पंचावन्न अंशांनंतर त्यातला अमोनिया उडून जायला लागतो. आधीचे थोडे खडे पुढच्या खेपेत टाकले की नवे लवकर आणि मोठे धरतात. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम फार असेल तर ते फॉस्फेट आधीच पकडतं आणि खडा नीट धरत नाही. शेड धुवायला शक्यतो ओढ्याचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी वापरा. मॅग्नेशियम घातलेलं पाणी पुन्हा बंद टाकीत मात्र कोंडू नका, सल्फेटमुळे कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू तयार होतो.

त्या वायूबद्दल जरा थांबून सांगायला हवं. मैल्याच्या कोणत्याही बंद टाकीत, बायोगॅसची असो, सेप्टिक असो, सोसायटीची असो, कोणीही उतरू नये. हा वायू, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, घट्ट झाला की त्याचा वासही कळेनासा होतो आणि माणूस शुद्ध हरपून पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उपसायला लावणं गुन्हा आहे. टाकी उपसायची ती पंपाने, बाहेरून. खतासाठी, पैशासाठी, घाईसाठी एकाही माणसाला आत पाठवू नका.

आता या खड्याच्या मर्यादाही सांगतो. तो स्फुरद छान पकडतो, पण नत्र थोडंच. एक किलो स्फुरदाबरोबर जेमतेम ४५० ग्रॅम नत्र खड्यात जातं आणि डुकरांच्या पाण्यात नत्र स्फुरदाच्या कितीतरी पट असतं. म्हणून खडे काढून घेतलेलं पाणी नाल्यात सोडायला मोकळं झालं असं समजू नका. ते पातळ करून नेपियर गवताला, केळीला, झाडांना द्या. पानं कच्ची खायच्या भाज्यांना ते नको. डुकरांच्या पिलांना खाद्यातून जस्त आणि तांबं भरपूर दिलं जातं, ते मैल्यात येतं. खड्यात त्यातलं कमी येतं तरी एकदा तपासून घ्या. हॉटेलांचं उरलेलं अन्न खाऊ घालणाऱ्यांनी ते उकळल्याशिवाय देऊ नये. २०२० पासून आफ्रिकन स्वाइन फीवर देशात आहे आणि आजारी शेडचा मैला हा त्याच्या प्रसाराचा रस्ता आहे. तो रोग माणसाला होत नाही, पण कळपच्या कळप संपवतो.

शेतात वापरताना एक जाणून ठेवा. स्ट्रुव्हाइट पाण्यात फार कमी विरघळतं, मुळांच्या आसपासच्या सौम्य आम्लात हळूहळू सुटतं. म्हणून पहिल्याच वळवाच्या पावसात ते वाहून जात नाही, रोपही पोळत नाही. पण आपल्या काळ्या, चुनखडीच्या, चढ्या सामूच्या जमिनीत ते आणखी सावकाश लागू पडतं. दाणे तसेच वर फेकू नका; बारीक करून, शेणखतात मिसळून, मुळांच्या थरात घाला आणि पेरणीच्या वेळी पिकाला लगेच हवा असलेला पहिला हप्ता नेहमीच्या खताने द्या. आणि ते पोत्यात भरून विकायला काढू नका. खत नियंत्रण आदेशात ज्याचं प्रमाण ठरलेलं आहे तेच खत म्हणून विकता येतं. आधी स्वतःच्या शेतात, स्वतःच्या कुंपणाच्या आत वापरा.

पुण्याला हे सगळं नवखं वाटायचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला पुण्याची नगरपालिका मैल्यात राख मिसळून सोनखत करत असे आणि आसपासचे ऊसवाले बागाइतदार ते विकत नेत. १८९३ साली भारतीय शेतीवर अहवाल लिहिणाऱ्या डॉ. व्होएल्कर यांनी त्याची दखल घेतली आहे. ती घाण उपसण्याचं काम जातीच्या जोरावर माणसांकडून करून घेतलं जात होतं, ते अन्यायाचंच होतं आणि ते परत यायला नको. पण मैला शेतात परत गेला पाहिजे हा विचार बरोबर होता. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी तोच विचार माणसाची प्रतिष्ठा सांभाळून पुढे नेला. त्यांच्याकडून शिकलेले डॉ. एस. व्ही. मापुसकर १९६० च्या सुमारास देहूच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले आणि गोळ्या-औषधांइतकंच लक्ष त्यांनी संडासांकडे दिलं. संडासाला जोडलेला त्यांचा ‘मलप्रभा’ बायोगॅस देहूत चालला, त्यावर चुली पेटल्या. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्यापासून तासाभराच्या वाटेवर हे काम झालं आणि शहराने त्यापासून फार थोडं घेतलं.

घेण्यासारखं आजही पुष्कळ आहे. पालखीच्या मुक्कामी शेकडो फिरती शौचालयं उभी राहतात. तिथल्या मुताऱ्यांचं पाणी वेगळं गोळा करणं फार अवघड नाही. महाविद्यालयं, नाट्यगृहं, बसस्थानकं, आयटी कंपन्या इथे पाणी न लागणाऱ्या मुताऱ्या बसवल्या तर घट्ट लघवी वेगळी मिळते, पाणीही वाचतं. आपल्या सांडपाण्यात लघवीचा वाटा जेमतेम एक टक्का, पण त्यातलं नत्र मात्र ऐंशी टक्क्यांच्या घरात आणि स्फुरद निम्म्याच्या आसपास तिच्यातूनच येतं. ज्यांच्या घराला अंगण आणि झाडं आहेत त्यांनी घरच्यांची लघवी आठ-दहा पट पाण्यात मिसळून झाडाच्या बुंध्याशी मातीत द्यायला हरकत नाही. पानांवर नको, कुंडीत वारंवार नको, आणि खायच्या पिकाला दिलीच तर काढणीच्या आधी महिनाभर बंद करा. ज्यांना हे किळसवाणं वाटतं त्यांच्यावर मी रागावणार नाही. त्यांनी निदान भाजीचा चोथा आणि खरकटं मोरीत जाऊ देऊ नये आणि धुण्याची पावडर मोजून वापरावी.

महापालिकेकडे आपण मागायचं ते नेमकं मागूया. जिथे गाळ पचवून बायोगॅस काढला जातो त्या केंद्रांत पिळून निघणारं पाणी पुन्हा सुरुवातीला सोडून देण्याऐवजी त्यातून आधी स्फटिक काढा. एका केंद्रात करून दाखवा, महिन्याचे आकडे लोकांसमोर ठेवा. प्रत्येक केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यातलं नत्र आणि स्फुरद बीओडीइतक्याच नियमाने जाहीर करा. मुंढव्याहून कालव्यात शेतीसाठी जे पाणी दिलं जातं त्यातली ही मापं शेतकऱ्याला कळवली, तर तो आपल्या खताचा हप्ता तेवढा कमी करू शकेल.

आणि जे मोठ्या सोसायटीत राहतात त्यांच्यासाठी एक काम आहे. वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि त्यात स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, असतो. तो चालू आहे का, हे बहुतेक सभासदांना ठाऊक नसतं. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. यंदाच्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय लेखी देऊन ठेवा: एसटीपीत येणाऱ्या आणि तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यातलं अमोनिया आणि फॉस्फेट दर तीन महिन्यांनी तपासायचं आणि निकाल सूचना फलकावर लावायचा. सभेच्या आधी शेजारच्या दोन घरांत जाऊन त्यांनाही सांगा.